शेवटचा रकाना

मी एक जुनी हजेरीवही आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गातली ती पातळ, रोज टेबलावर आपटली जाणारी वही डोळ्यांसमोर आणू नका. मी लष्कराची आहे. माझी उंची हातभर, पुठ्ठे जाड, पाठीला काळं कातडं आणि कातड्यावर सोनेरी आकडा. सोनं केव्हाच उडालं, आकड्याचा खळगा तेवढा राहिला. आपली गोष्ट सांगणाऱ्या जुन्या वस्तूंनी शांतपणे आणि समजूतदारपणे बोलावं असा रिवाज आहे. मला ते जमेल असं वाटत नाही. ऐंशीहून जास्त वर्षं मूग गिळून बसले आहे, आता थोडी चिडचिड होणारच.

माझा जन्म एका बांधणीच्या कारखान्यात झाला. दोन बहिणी पानं दुमडायच्या आणि त्यांचा म्हातारा मामा शिवायचा. त्याने माझ्या प्रत्येक डाव्या पानावर सात रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, भरतीची तारीख, पलटण आणि शेवटी ओळखीची खूण. उजव्या पानावर रोजच्या हजेरीचे बारीक चौकोन. मामाचा अंदाज जरा चुकला आणि सातवा रकाना शिवणीच्या अगदी पोटात गेला. मला दोन्ही हातांनी पूर्ण उघडल्याशिवाय तो दिसतच नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं घोडं तिथेच अडलं.

तेव्हा देशावर परक्यांचं राज्य होतं. परके साहेब दूर कुठेतरी लढाई करत होते आणि तिच्यासाठी इथल्या घराघरांतून माणसं उचलत होते. ज्या घरी चिठ्ठी येई, त्या घरातल्या चिठ्ठीवरच्या माणसाने निघायचं. मला भरतीच्या तंबूत एका कारकुनाच्या हाती देण्यात आलं. तोही इथलाच होता. त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव चौकस. सातव्या रकान्यात इतर कारकून ‘गालावर तीळ’ एवढं लिहून मोकळे व्हायचे. हा मात्र माणसाकडे नीट बघायचा. ‘डाव्या कानाची पाळी फाटलेली.’ ‘उजव्या हाताला सहा बोटं.’ एकाच्या पुढे त्याने ‘हसताना उजवा डोळा आपोआप मिटतो’ असं लिहिलं, तेव्हा परका साहेब त्याच्यावर खेकसला.

“ही काय खूण झाली? मेल्यावर माणूस हसतो का?”

“नाही साहेब,” कारकून म्हणाला, “पण तोवर हसेल.”

सतराव्या ओळीवर जो आला, त्याच्या चिठ्ठीवर वय चोवीस होतं. ओठांवर नुकती कुठे लव फुटली होती. कारकुनाने एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि चोवीसच लिहिलं. मग हात बघायला मागितले. सातव्या रकान्यात लिहिलं, ‘डाव्या करंगळीचं टोक नाही.’

त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्यातली नावं वाचली जात. “हजर”, “हजर”, “हजर” अशी सरळ रांग यायची. सतरावं नाव आलं की मात्र क्षणभर थांबावं लागे. सतरा नंबरवाल्याला ते आपलंच नाव आहे हे आठवायला थोडा वेळ लागायचा. शेजारचा कोपराने ढोसायचा, तेव्हा तो दचकून “हजर” म्हणायचा. कारकून नुसता गालात हसायचा आणि चौकोनात टिंब द्यायचा. मला तेव्हाच सगळं कळलं होतं. पण वहीला कोण विचारतं?

लढाई संपली. जे वाचले त्यांना जहाजाने परत आणून एका छावणीत ठेवलं. भोवती तारांचं कुंपण होतं आणि घर तिथून दोन दिवसांच्या वाटेवर. पुढच्या आठवड्यात सोडू, असं सांगितलं गेलं. तो पुढचा आठवडा काही येईना. सात महिने माझ्यात नुसती टिंबं भरत होती. त्यांचं मागणं साधं होतं. घरी कधी सोडणार, तेवढी तारीख सांगा. साहेब तारीख सांगेना.

मग एका सकाळी, मैदानावर सगळे ओळीत उभे असताना, पहिलं नाव वाचलं गेलं आणि कोणी “हजर” म्हणालं नाही. दुसऱ्या नावालाही नाही. सगळे तिथेच उभे होते, टोप्या नीट, बटणं लावलेली, पण तोंडातून शब्द नाही. तारीख सांगा, मग हजेरी देऊ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. साहेबाने तीनदा नावं वाचायला लावली. चौथ्यांदा त्याने कुंपणाबाहेरच्या बंदूकवाल्यांना खूण केली. कारकुनाच्या हातात मी उघडीच होते. पुढचं मी सांगणार नाही, मित्रांनो. एकेचाळीस माणसं पडली आणि त्यांच्यात तो सतरा नंबरवालाही होता, सोळाव्या वर्षी गेलेला, एकोणिसाव्यात परतलेला.

संध्याकाळी साहेबाने कारकुनाला बसवलं. मेलेले असं लिहायचं नाही, म्हणाला. मेले म्हटलं की कसे मेले ते लिहावं लागतं. एकेचाळीस नावांपुढे ‘फरारी’ असा शेरा मार. पळून गेले, विषय संपला. कारकुनाने टाक खाली ठेवला, खिशातून शिसपेन्सिल काढली आणि अगदी हलक्या हाताने एकेचाळीस वेळा तो शब्द लिहिला. माझ्यातलं बाकी सगळं शाईचं आहे, तेवढंच पेन्सिलीचं. साहेबाला दिव्याच्या उजेडात फरक कळला नाही.

त्यानंतर मी पेटीत पडले, मग दुसऱ्या पेटीत. परके गेले, आपलं राज्य आलं आणि आमची रवानगी सरकारी दप्तरखान्यात झाली. तिथे माझी नक्कल करायचं ठरलं. टंकलेखक माणूस मेहनती होता, पण त्याचं यंत्र होतं अरुंद. सात रकाने एका कागदात बसेनात. त्याने दोनदा कागद फाडला, मानेवरचा घाम पुसला आणि सरळ सातवा रकाना गाळून टाकला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘जागेअभावी खुणांचा रकाना वगळला आहे’ असं लिहायला तो विसरला नाही, हे त्याच्या इमानाला धरूनच झालं. पण सांगा, तळाची ओळ कोण वाचतं?

नक्कल झकास झाली. स्वच्छ, ठळक, हलकी. सगळे तिचंच कौतुक करू लागले. ज्याला काही बघायचं असेल, तो नक्कल मागायचा. मी जाड, मी जड, माझी धूळ उडते, मला घेतलं की शिंका येतात. शेवटी एका दप्तऱ्याने, म्हणजे कागद सांभाळणाऱ्याने, माझा चांगला उपयोग शोधून काढला. खिडकीजवळच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली माझी जाडी बरोब्बर बसली. तिथे मी तेवीस वर्षं होते.

ही माझी गोष्ट इथेच संपली असती. पण परक्यांच्या जुन्या कागदांत त्या सकाळच्या गोळीबाराची नोंद सापडली आणि सरकारला एकदम त्या एकेचाळीस जणांची आठवण आली. छावणीच्या जागी मोठा दगड उभारायचा, त्यावर त्यांची नावं कोरायची असं ठरलं. एक समिती नेमली गेली आणि समितीने दोन नियम केले. एक, ज्याच्या वारसाची अर्जावर सही मिळेल त्याचीच ओळ दगडावर येईल. दोन, नोंदवहीत जे लिहिलं असेल तेच कोरायचं, पदरचं एक अक्षर नाही. आणि वारस शोधायचं काम ज्या बाईंना दिलं, त्यांचं टेबल होतं खिडकीजवळचं.

त्यांना सगळे मागून डिंकबाई म्हणत. एखाद्या कामाला चिकटल्या की सुटायच्या नाहीत म्हणून. त्यांनी ती देखणी नक्कल पुढ्यात घेतली आणि गावोगावी पत्रं धाडायला सुरुवात केली. दोन वर्षं त्या फोनवर घसा कोरडा करत होत्या. “नाही हो, वसुलीचं काही नाही. तुमच्या आजोबांबद्दल विचारतेय. आजोबा. नाही, विमा नाही.” लोक फोन आपटायचे. काहीजण भेटले की एकदम कावरेबावरे व्हायचे, कारण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ‘पळपुट्याचं घर’ हे बोलणं ऐकून घेतलेलं. डिंकबाई समजावत बसायच्या, की पळाले नाहीत हो, मारले गेले. कोणी रडायचं, कोणी ‘आता सांगता होय’ म्हणून तडकायचं. असं करत सव्वीस सह्या झाल्या आणि त्यांच्या चपलेची टाच दोन वर्षं माझ्या पुठ्ठ्यावर टेकलेली होती. मी काय काय शिव्या दिल्या असतील, ते तुमच्यासमोर न बोललेलं बरं.

सतरा नंबरचं पत्र तीनदा परत आलं. पाकिटावर दर वेळी त्याच हस्ताक्षरात ‘या नावाचा कोणी मेला नाही.’ चौथं पत्र परत आलं नाही. त्याऐवजी एक म्हातारी बाई आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, ताठ, आणि मागे धापा टाकत तिची सून.

“तीनदा पत्र परत करणारी मीच,” म्हातारी खुर्चीत बसत म्हणाली. “चौथ्यांदा पाठवलंत. फार चिवट दिसता.”

“आजी, दगड घडवायला नऊ दिवसांनी घेतायत,” डिंकबाई म्हणाल्या. “हे नाव तुमच्याच घरातलं आहे ना? मग सही करा. नाही केलीत तर ओळ गळेल.”

“या नावाचा माणूस गोळीने मेलेला नाही. मला पक्कं ठाऊक आहे.”

“मग कोण मेलं?”

सुनेने तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. म्हातारीने उलट विचारलं, “तुमच्या कागदात त्याच्या हाताबद्दल काही लिहिलंय का?”

मित्रांनो, मी तिच्या पावलांपासून वीतभर लांब होते. माझ्या पोटात तिला हवी असलेली ओळ होती, शाईने लिहिलेली, न पुसलेली. आणि वर डिंकबाई ती मेली नक्कल चाळत होत्या.

“नाही आजी. असलं काही लिहीत नसत.”

“मग मी सही करत नाही.” म्हातारी उठली. उठताना तिने टेबलावर भार दिला आणि तो सगळा भार माझ्यावर आला. “चला सूनबाई.”

“एवढे जिने चढवून आणलंत आई,” सून पुटपुटली, “आणि एका वाक्यात निघालात.”

डिंकबाईंच्या डोक्यातून तो हात जाईना. म्हातारीने हाताचंच का विचारलं? त्यांनी नक्कल पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचली. पार तळापर्यंत. ती मुंगीएवढी ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. दप्तऱ्याकडे धावल्या, की मूळ वही कुठे आहे. तो म्हणाला, ती कधीच गहाळ झाली. त्याच्या आधीच्यानेही तसंच सांगितलं होतं म्हणे. मग सहा दिवस त्यांनी दप्तरखाना उलथापालथा केला. शिड्या चढल्या, माळे झाडले, वाळवी लागलेले खोके उघडले. रोज संध्याकाळी येऊन त्या माझ्याच टेबलाशी बसायच्या, चपला काढून पाय माझ्यावर टेकायच्या आणि उसासे सोडायच्या. वैतागाने माझी शिवण उसवायची बाकी राहिली होती.

सातव्या दिवशी त्यांचं पेन टेबलावरून घरंगळलं. त्या वाकल्या, पेन शोधायला हात घातला आणि बोटं माझ्या पाठीवरून फिरली. आकड्याच्या खळग्यावर थांबली. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मग दप्तऱ्याला हाक मारून, अगदी हळू आवाजात, म्हणाल्या, “जरा टेबल उचला.”

दोन्ही हातांनी मला पूर्ण उघडलं, तेव्हा माझी शिवण करकरली. पन्नासएक वर्षांनी त्या रकान्याला उजेड दिसला. त्यांनी लगेच फोन लावला. सुनेने उचलला.

“आईंना फोनवर ऐकू येत नाही. काय ते मला सांगा.”

डिंकबाईंनी सांगितलं. पलीकडे सून ओरडताना ऐकू आली, “आई, करंगळी म्हणतायत. डाव्या करंगळीचं टोक नाही म्हणतायत.”

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली आणि तिने सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी आली होती तिच्या वडिलांच्या नावाची. ते थोरले, वय चोवीस. त्यांचा धाकटा भाऊ सोळाचा. लहानपणी दोघांचं भांडण झालं होतं, थोरल्याने रागाने दार आपटलं आणि धाकट्याच्या करंगळीचं टोक चौकटीत राहिलं.

“चिठ्ठी आली तेव्हा मी आईच्या पोटात होते,” म्हातारी म्हणाली. “काका म्हणाला, पोराला बाप नको का? आणि पहाटे चिठ्ठी घेऊन गेला. वडील उठेपर्यंत तो लांब पोचला होता. तीन वर्षांनी शिपाई दारात आले, फरारी कुठाय विचारत. फरारी म्हणजे माझे वडील. ते समोरच उभे. काय करणार? म्हणाले, तो परत आलाच नाही, मी त्याचा धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मरेपर्यंत ते काकाच्या नावाने जगले. गल्लीला सगळं माहीत होतं. गल्लीने तोंडाला कुलूप लावलं.”

“म्हणून पत्रं परत केलीत?”

“घराचे कागद, माझं लग्न, सगळं त्या नावावर. तोंड उघडलं तर काय काय उसवेल कोण जाणे. पण आता माझं वय झालं. काय उसवायचं ते उसवू दे. माझ्या वडिलांचं नाव दगडावर, आणि ज्याने त्यांच्यासाठी जीव दिला तो कुठेच नाही, असं मी सही करून द्यायचं? ते मला जमायचं नाही.”

डिंकबाई मला छातीशी धरून समितीच्या साहेबांकडे गेल्या, मागून म्हातारी आणि सून. साहेबांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

“मला तुमचं दुःख समजतं. पण धाकट्याचं नाव कोरता येणार नाही. त्या नावाचा माणूस चाळीस वर्षांपूर्वी घरात वारल्याचा दाखला आहे. एक माणूस दोनदा मेला असं मी कुठे लिहू? वहीत नाव थोरल्याचं आहे. नोंदवहीत आहे तेच कोरायचं. नियम आहे.”

“नोंदवहीत आहे तेच ना?” डिंकबाईंनी मला त्यांच्यासमोर सपाट उघडलं आणि शिवणीवर बोट ठेवलं. “मग हे कोरा. हेही नोंदवहीतच आहे. पदरचं एक अक्षर नाही.”

साहेबांनी वाचलं. “दगडावर करंगळी? लोक हसतील, बाई.”

“हसू द्या,” म्हातारी म्हणाली. “पण तोच असेल तो. दुसरा कोणी नाही.”

साहेबांनी भिंतीवरच्या तारखेकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि अर्ज पुढे सरकवला. म्हातारीने तिथेच सही केली.

दगड उभा राहिला. सव्वीस नावं आणि सतराव्या ओळीवर ‘डाव्या करंगळीचं टोक नाही.’ उद्घाटनाला एकेक ओळ वाचली गेली आणि घरच्या माणसांनी “हजर” म्हटलं. सतरावी ओळ वाचून झाली. क्षणभर कोणीच बोललं नाही. सुनेने कोपराने ढोसलं, तेव्हा म्हातारी दचकून “हजर” म्हणाली. तोच उशीर, मित्रांनो. मी टेबलावर होते, मला टिंब द्यायला कारकून मात्र नव्हता.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणून मी तुम्हाला आनंदात घरी पाठवलं असतं, पण ते खोटं होईल. डिंकबाईंनी उरलेल्या खुणा वर्तमानपत्रात छापून आणल्या. पाच घरांतून पत्रं आली. लोक पणजोबांचं नाव विसरले होते, पण फाटलेली पाळी विसरले नव्हते. सहा बोटांच्या माणसाची मुलगी मात्र मागच्याच वर्षी गेली होती. तिच्या शेजारणीने कळवलं, ती शेवटपर्यंत म्हणायची की माझे वडील पळणारे नव्हते. तिला हे सांगायला आपण एका वर्षाने चुकलो. नऊ ओळी अजून कोऱ्याच आहेत. हे सगळं एका अरुंद यंत्रामुळे आणि एका आखूड पायामुळे.

आता मी संग्रहालयात, काचेच्या पेटीत असते. खाली मऊ कापड, वर मंद दिवा. माझं तेच पान उघडं ठेवलं आहे आणि उजवीकडे, एकेचाळीस ओळींपुढे, पेन्सिलीने लिहिलेलं ‘फरारी’ अजून तसंच आहे. तो शब्द काढायचा अर्ज डिंकबाईंनी केला, त्याला चार वर्षं झाली. जुन्या नोंदीत फेरफार करता येत नाही, असं उत्तर आलं. त्यावर त्यांनी दुसरा अर्ज केला. तो कोणाच्या तरी टेबलावर आहे. कोणाच्या तरी टेबलाखाली नसला म्हणजे मिळवली.

म्हातारी अजूनही महिन्यातून एकदा येते. सून जिन्यावर कुरकुरते आणि तरीही तिला घेऊन येतेच. म्हातारी काचेपाशी उभी राहते आणि पर्स उघडून आतलं खोडरबर चाचपते. पहारेकरी तिला ओळखतो. तो एकच वाक्य म्हणतो, “आजी, हुकूम आला की मीच पेटी उघडून देईन.” ती मान हलवते आणि पर्स बंद करते.

मित्रांनो, शाळेची सहल घेऊन तुम्ही येता, काचेला नाक लावता. तुमच्या प्रत्येकाच्या कंपासपेटीत खोडरबर आहे, मला माहीत आहे. काच फोडा असं मी म्हणत नाही. पण जुनी वही हाती आली तर ती शिवणीपर्यंत उघडा. नक्कल करताना जागा पुरली नाही, तर दुसरा कागद घ्या. आणि इथून बाहेर पडताना दाराशेजारच्या कचेरीतल्या साहेबांना मोठ्याने विचारा, की तो शब्द अजून का खोडला नाही. कारकुनाने तो पेन्सिलीने लिहिला होता, कारण त्याला वाटलं होतं, कोणीतरी उद्या सकाळी येऊन खोडेल. म्हातारी चौऱ्याऐंशीची होती, आता अठ्ठ्याऐंशीची आहे.